परवान्याचा नकाशा आणि केबलचा नकाशा

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन करून विचारलं, ‘सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता टेलिफोन कंपन्यांच्या भानगडीत कशाला पडता?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्हाला एका बँकेच्या काउंटरवर मिळालं, ते आधी सांगतो.

दर नोव्हेंबरला आम्ही पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो. नांदेडातल्या एका शाखेत आम्ही असे दहा-बाराजण बसलो होतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘सर, लिंक नाही.’ आता आम्ही समोर जिवंत बसलेलो, पण लिंक नसल्यामुळे आमचं जिवंत असणं सिद्ध होईना! देकार्तला ही अडचण आली नव्हती. चौकशी केली तर कळलं, बाहेर रस्त्याचं काम चालू होतं आणि जेसीबीनं केबल तोडली होती. आम्ही शिपायाला विचारलं, केबल कोणाची? तो म्हणाला, ‘आधी एका कंपनीची होती, तिला दुसरीनं घेतलं, आता तिसरीच वापरते म्हणतात. दुरुस्तीला कोणाला बोलवायचं तेच साहेब शोधायलेत.’

शिपाईबुवांच्या त्या एका वाक्यात गेल्या तीस वर्षांचा इतिहास आहे. जमिनीत गाडलेली एक वस्तू. ती कोणी गाडली, कोणाला विकली, विकताना नेमकं काय विकलं आणि काय विकलं गेलंच नाही, हे आज आपण बघणार आहोत. नांदेड-लातूरकडून बघणार आहोत, कारण हा इतिहास सहसा मुंबईकडून सांगितला जातो.

तंत्राची बाजू थोडक्यात सांगतो. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाश पाठवून संदेश न्यायचा, ही कल्पना. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश फार दूरपर्यंत जाईल, असं चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीनं तशी काच करून दाखवली आणि काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आपल्यासाठी गंमत पुढेच आहे. हा काचतंतू भारतात जिथं मोठ्या प्रमाणावर तयार होतो, त्यातलं एक महत्त्वाचं ठिकाण मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या औरंगाबादेजवळच्या वाळूजमध्ये स्टरलाइट कंपनीचा कारखाना १९९० च्या दशकात उभा राहिला. म्हणजे काच मराठवाड्यात ओढली जात होती, जगभर जात होती, आणि लातूर-नांदेडच्या तालुक्यांत एसटीडी बूथवर रात्री उशिरा दर कमी होण्याची वाट बघत माणसं उभी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या अंधाराची एक रात्र आमच्या पिढीला विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आम्ही नांदेडात जागे झालो, भांडी वाजली होती. सकाळी बातम्या यायला लागल्या. लातूर, औसा, उमरगा या भागांत ज्यांची माणसं होती ते सगळे फोनसमोर बसले. दिवसभर नंबर लागत नव्हता. आमच्या शेजारचे गृहस्थ शेवटी मिळेल त्या गाडीनं निघून गेले. फोन म्हणजे चैन नाही, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. त्यापूर्वी फोन म्हणजे ज्याच्या घरी आहे त्याच्या ओट्यावर शेजाऱ्यांनी निरोप घ्यायला येणं, एवढाच त्याचा अर्थ होता.

आता धोरणाकडे येऊ. १९९४ च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं राष्ट्रीय दूरसंचार धोरण आणलं. तोपर्यंत मुंबई-दिल्लीत एमटीएनएल आणि बाकी देशभर दूरसंचार खातं, असा सरकारी कारभार होता. धोरणानं सांगितलं, प्रत्येक सर्कलमध्ये सरकारी सेवेला एक खासगी स्पर्धक येऊ द्या. सर्कल म्हणजे साधारण एक राज्य. १९९५ मध्ये निविदा निघाल्या, बोल्या भलत्याच चढ्या लागल्या, बऱ्याच सर्कलांना कोणी मिळालंच नाही. पहिल्या फेरीतून शेवटी देशभरात सहा खासगी कंपन्या उभ्या राहिल्या. मध्य प्रदेशात भारती, आंध्रात टाटा, गुजरातेत रिलायन्स, याप्रमाणे. आपल्या महाराष्ट्राचा परवाना मिळाला ह्यूजेस इस्पात या कंपनीला, सप्टेंबर १९९७ मध्ये. किल्लारीनंतर बरोबर चार वर्षांनी.

ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली होती. ह्यूजेस म्हणजे अमेरिकेतली ह्यूजेस नेटवर्क सिस्टिम्स, जिच्या वरच्या कंपनीची मालकी जनरल मोटर्सकडे होती. इस्पात म्हणजे पोलादवाले मित्तल. मोटारवाले आणि पोलादवाले मिळून महाराष्ट्राला टेलिफोन देणार होते. परवान्याचा नकाशा मुंबईसकट सगळ्या महाराष्ट्राचा होता आणि गोवाही त्यातच. म्हणजे कागदावर देगलूर होतं, अहमदपूर होतं, किनवट होतं. गावोगावी सार्वजनिक टेलिफोन बसवण्याची अटही या परवान्यांमध्ये होती.

आणि केबल कुठं पडली? मुंबई, नवी मुंबई, पुणे. कंपनीचं मुख्य ठाणं तुर्भ्याला. नकाशा एक होता आणि केबल दुसरीकडेच चालली होती, आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

यात कोणाला शिव्या घालायच्या नाहीत. हिशेब समजून घेऊ. केबलचा खर्च काचेत नसतो, खोदण्यात असतो. आपल्याकडे दूरसंचारची रीत म्हणजे केबल साधारण १६५ सेंटिमीटर खोल गाडायची, माणूसभर खोल म्हणा ना. आपली काळी जमीन तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात गाडलेली नळी सरकते, ताणली जाते. नरिमन पॉइंटला एक किलोमीटर खोदलं तर दोन्ही बाजूंच्या इमारतींत शेकडो कंपन्या, प्रत्येकीला पन्नास-पन्नास लाइन हव्यात. लोहा ते कंधार खोदलं तर वाटेत काय लागतं? ज्वारी, कापूस आणि चार-दोन गावं. त्यात सुरुवातीची परवाना फी ठरलेल्या रकमेची होती, ग्राहक मिळोत की न मिळोत, ती भरायचीच. अशा स्थितीत कुठलाही मुनीम सांगेल, आधी नरिमन पॉइंट.

१९९९ च्या नव्या धोरणानं ही ठरलेली फी काढून उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. कंपन्यांचा जीव वाचला. हिशेबाची दिशा मात्र बदलली नाही. गावांतल्या सार्वजनिक फोनच्या अटीचं म्हणाल तर सहाही कंपन्यांची कामगिरी मिळून फारच तोकडी राहिली. दंड झाले, पत्रव्यवहार झाला, आणि पुढं २००२ पासून सरकारनं सार्वत्रिक सेवेसाठी वेगळा निधी काढला. म्हणजे स्पर्धकानं जे करायचं होतं ते करायला सरकारनं पुन्हा स्वतः पैसे गोळा केले. काही लोक या व्यवस्थेला शहाणपण म्हणतात. आम्ही जरा थांबून विचार करू इच्छितो.

दुसरीही एक गंमत बघा. नांदेडकराला हैदराबाद जवळ, मुंबई लांब. आपला व्यापार, दवाखाने, लग्नाचा बस्ता, सगळं हैदराबादकडे. १९४८ पर्यंत तर आपण त्याच संस्थानात होतो. पण सर्कलची सीमा राज्याच्या सीमेवर. म्हणजे हैदराबादेत टाटांची नवी फोनसेवा सुरू झाली तरी बिलोलीला तिचा काही उपयोग नव्हता, आणि बिलोलीसाठी ज्याला परवाना होता तो तुर्भ्याला बसलेला. भाषावार प्रांतरचना आम्हाला प्रिय आहे, पण केबल भाषा ओळखत नाही.

२००० साली ह्यूजेस इस्पातनं नाव बदललं. नवं नाव होतं ह्यूजेस टेली डॉट कॉम (इंडिया). नावातच डॉट कॉम! त्या वर्षी कोणीही नावात डॉट कॉम घातलं की शेअर बाजार खूश व्हायचा. कंपनी बाजारात उतरली. पण फुगा फुटत होता.

इथं क्षणभर बाहेरच्या जगाकडे बघायला हवं, कारण नंतरची विक्री तिथल्या वाऱ्यानं झाली. अमेरिकेत एमएफएस नावाची कंपनी होती. मोठ्या शहरांच्या व्यापारी भागात स्वतःचे काचतंतू टाकून जुन्या टेलिफोन कंपन्यांचे मोठे ग्राहक खेचायचे, हा तिचा धंदा. शहरागणिक ती वाढली आणि १९९६ च्या अखेरीस वर्ल्डकॉमनं तिला अब्जावधी डॉलरना घेतलं. मग सगळ्यांनाच वाटलं, खोदा, टाका आणि विका. आणि जुलै २००२ मध्ये खुद्द वर्ल्डकॉमनं दिवाळं जाहीर केलं, खोट्या हिशेबांसकट. समुद्राखालच्या केबलांचीही तीच गत. मुंबईला येणारी फ्लॅग ही केबल ज्या कंपनीची, ती २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि रिलायन्सनं तिला २०.७ कोटी डॉलरना घेतलं. टायको कंपनीचं समुद्री जाळं बांधायला दोन अब्जांहून अधिक डॉलर लागले होते, ते विदेश संचार निगमनं, म्हणजे तोवर टाटांकडे आलेल्या व्हीएसएनएलनं, १३ कोटी डॉलरना घेतलं. पडत्या काळात आपल्या उद्योगपतींनी जगाच्या केबली भंगाराच्या भावात उचलल्या, असं म्हटलं तर फार चूक नाही.

ह्यूजेसची विक्री याच काळातली. अमेरिकेतल्या मालकांना हे लांबचं लचांड नको झालं होतं. डिसेंबर २००२ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसनं कंपनीचा ताबा घेतला आणि २००३ मध्ये तिचं नाव झालं टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र). नाव बदललं, मालक बदलले, पण कायद्याच्या दृष्टीनं व्यक्ती तीच, १९९५ मध्ये जन्मलेली. आम्ही वर्गात मिलिंदप्रश्नातला रथ शिकवायचो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठं आहे? मुलं कंटाळायची. त्यांना ही कंपनी सांगितली असती तर बरं झालं असतं. नाव गेलं, मालक गेले, पुढं ग्राहकही गेले. मग कंपनी कुठं आहे?

त्याच डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉम सुरू झाली, साठ हजार किलोमीटर काचतंतूच्या जोरावर. पुढच्या वर्षी पाचशे एक रुपयांत फोनची योजना आली आणि नांदेडच्या भाजी मार्केटात हमालाच्या खिशात मोबाइल दिसू लागला. ते दृश्य आम्ही स्वतः पाहिलंय, आणि त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. टाटा इंडिकॉम आली, टॉवर उभे राहिले. २००८ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमोनं टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये २६ टक्के वाटा घ्यायचं ठरवलं, मग टाटा डोकोमो, सेकंदाला पैसा वगैरे. लातूरच्या क्लासेसमधली पोरं फोटॉन नावाचं डोंगल लॅपटॉपला लावायची. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण. प्रकाश मात्र तिथवर आलेला नसायचा, पोरांच्या हातातलं सगळं बिनतारी. काचतंतू कुठंतरी दूर टॉवरच्या पायथ्याशी, बहुतेक वेळा तिथंही नाही.

म्हणजे स्पर्धेनं काहीच दिलं नाही, असं आम्ही म्हणत नाही. दर पडले, रांगा संपल्या, खात्याची मिजास उतरली. पण बिनतारी सेवेची ऐपत शेवटी मागच्या तारेवर ठरते, आणि ती तार खोदण्याचा हिशेब १९९७ चाच राहिला.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली. त्यानंतर लहान कंपन्यांचा टिकाव लागणं कठीण होतं. डोकोमो तर आधीच बाहेर पडायला निघाली होती, तिचा वाद लंडनच्या लवादापर्यंत जाऊन मिटला. वीस वर्षांच्या परवान्याची मुदत २०१७ मध्ये भरत आली, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला जाहीर झालं की टाटांचा घरगुती मोबाइल धंदा भारती एअरटेल घेणार. एकोणीस सर्कल, चार कोटींवर ग्राहक. किंमत? व्यवहार ‘कर्जाविना, रोकडीविना’. टाटांनी कर्ज स्वतःकडे ठेवायचं, एअरटेलनं ग्राहक घ्यायचे, स्पेक्ट्रमच्या देण्याचा काही भाग उचलायचा. रोख रक्कम नाही. चार कोटी माणसं एका कंपनीकडून दुसरीकडे गेली आणि त्यांच्यासाठी कोणी पैसा मोजला नाही. १ जुलै २०१९ ला व्यवहार पूर्ण झाला. आमचाही नंबर त्यात होता. एक एसएमएस आला, तेवढंच.

या कराराचं एक कलम फार कमी लोकांनी वाचलं. टाटांच्या काचतंतूच्या जाळ्यापैकी काही भाग वापरण्याचा हक्क एअरटेलला मिळाला. मालकी टाटांची, वापर एअरटेलचा, आणि हा वापर मालकाला मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाही. गावाकडच्या माणसाला हे समजवायला परकी भाषा नको. हा वहिवाटीचा हक्क आहे. शेत एकाचं, बैलगाडीची वाट दुसऱ्याची. आमचा शिपाई म्हणत होता ना, आधी एकाची होती, दुसरीनं घेतली, तिसरी वापरते? त्याच्या केबलीची कागदपत्रं आम्ही पाहिलेली नाहीत, पण असे व्यवहार होतात हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

तर आता बघा, या सगळ्या विक्रीत काय काय हात बदललं. ग्राहकांची यादी बदलली. स्पेक्ट्रम बदललं. केबलीची वहिवाट बदलली. कर्ज जागेवर राहिलं, त्याचाही मालक ठरलेला. आणि १९९७ चा तो शब्द, गावोगावी फोन देण्याचा? तो कुठल्या वहीत गेला? ज्याला किंमत होती ते सगळं हस्तांतरित झालं. ज्याला किंमत नव्हती ते कोणी मागितलं नाही आणि कोणी दिलंही नाही.

आपल्या मराठवाड्याला वतन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वतनात हक्क होता तशी चाकरीही होती. पाटलाला मान होता, पण सारा गोळा करून द्यायचं, गावची जोखीम अंगावर घ्यायचं कामही त्याचंच. वतनाची व्यवस्था अन्यायाची होती, ती गेली हे चांगलंच झालं, बलुतेदारांना विचारा. पण हक्क आणि चाकरी एकाच दोरीनं बांधलेली असतात, एवढं ती व्यवस्था जाणत होती. दूरसंचार परवान्यात आपण दोरी बांधली खरी, फक्त चाकरीच्या बाजूची गाठ सैल ठेवली.

हीच गोष्ट रिलायन्सच्या केबलीची. २००५ मध्ये भावाभावांत वाटणी झाली, टेलिफोन अनिल अंबानींकडे गेला. २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डिसेंबर २०२२ मध्ये तिची रिलायन्स इन्फ्राटेल, म्हणजे ४३,५४० टॉवर आणि सुमारे १ लाख ७८ हजार किलोमीटर काचतंतू, जिओच्या समूहातल्या कंपनीनं ३,७२० कोटी रुपयांना घेतली. म्हणजे त्यातली जी केबल मोठ्या भावाच्या देखरेखीखाली पुरली गेली होती, ती वीस वर्षांनी वळसा घालून मोठ्या भावाकडेच परत आली. महाभारत वाचलेल्यांना आश्चर्य वाटू नये. पण या वीस वर्षांत ती कुठल्या गावाशेजारून गेली आणि गावात शिरली नाही, हे कोणी मोजलं?

सरकारनं २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायती काचतंतूनं जोडायची योजना मंजूर केली, तीच पुढं भारतनेट झाली. पुन्हा खोदाई, पुन्हा काळी माती. काही ठिकाणी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेटी आहे, दिवा लुकलुकतो. काही ठिकाणी पेटी आहे, वीज नाही. आम्ही फिरलेल्या गावांतलं सांगतो, सगळ्या जिल्ह्याचं नव्हे. एका गावात सरपंचबाईंनी विचारलं, ‘सर, ही तार गावाची का कंपनीची?’ आम्ही म्हटलं, सरकारची. त्या म्हणाल्या, ‘मग तुटल्यावर कोणाला सांगू?’ त्यांना आमच्याकडे उत्तर नव्हतं. बँकेतल्या शिपायाचाही प्रश्न तोच होता.

आता समोर बसलेल्या आणि ऑनलाइन ऐकणाऱ्या तरुणांना एक काम सांगतो. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, कुठलाही विषय असो. रस्त्याकडेला केबल गाडायची तर परवानगी लागते. ती नगरपालिका देते, बांधकाम खातं देतं, रस्ता ज्याच्या अखत्यारीत तो देतो. तिचा अर्ज असतो, नकाशा असतो, अर्जदार कंपनीचं नाव असतं, तारीख असते. २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम आले, त्याच्या आधीच्याही फायली कुठंतरी असतील. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या, लातूर-उदगीर रस्त्यावरच्या अशा परवानग्या काढा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आहे. कुठल्या वर्षी, कोणी, कुठून कुठवर खोदलं, त्याचा नकाशा करा. त्यावर १९९७ च्या परवान्याचा नकाशा ठेवा. मग ज्या गावांच्या वेशीवरून केबल गेली आणि आत आली नाही त्या गावांत जा, आणि भूकंपाच्या रात्री त्यांनी निरोप कसा पाठवला होता ते म्हाताऱ्यांना विचारा. ती माणसं आता फार उरलेली नाहीत, तेव्हा हे काम याच हिवाळ्यात सुरू करा. अर्जाचा मसुदा करायला आम्ही मदत करू. लिंक असली तर ऑनलाइन, नाहीतर घरी या.